चार अंशांनी भागलं नाही, आठ अंशांनी बिघडलं

प्रश्न: मी दोन वर्षं पायाचे कस्टम ऑर्थोटिक्स (बुटात घालायचे, मापानुसार बनवलेले आधार) लिहून देतोय. ४८ वर्षांच्या एका बाईंना उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे, सात महिने दुखतंय. कमान बसलेली आहे, टाच बाहेर झुकलेली आहे. टाचेचा कल पहिल्या भेटीत ७ अंश आला, दुसऱ्या भेटीत ४. टाच सरळ धरली तर चवड्याची अंगठ्याकडची कड ६ अंश वर राहते. म्हणून टाचेखाली आतून ४ अंशांचं आणि चवड्याखाली ६ अंशांचं पोस्ट, म्हणजे पाचर, दिलं. तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तेव्हा टाचेचं पोस्ट ८ अंश केलं. आता आतलं दुखणं थोडंसंच कमी आहे, पण घोट्याच्या बाहेरच्या बाजूला नवीन दुखणं सुरू झालंय आणि अंगठ्याच्या बुडाशीही दुखतं. कुठल्या पायाला किती अंश द्यायचे, याचा एखादा तक्ता आहे का?

उत्तर: असा तक्ता नाही, आणि कुणी छापून दिला तरी वापरू नका. ताप १०२ आहे म्हणून आपण १०२ मिलिग्रॅम औषध देत नाही. टाच ७ अंश झुकली म्हणून पाचर ७ अंशांची, हा हिशोब त्याच जातीचा आहे. ऑर्थोटिकमधला अंश म्हणजे वाकडेपणाची भरपाई नव्हे. दुखावलेल्या एखाद्या ऊतकावरचा ताण उतरावा म्हणून तळव्याच्या ठरावीक जागी लावलेला तो जोर आहे. त्यामुळे जोर कुठे लावायचा हे आधी ठरतं, किती लावायचा हे नंतर. तुमच्या पेशंटच्या बाबतीत 'किती' बदललं, 'कुठे' मात्र बदललं नाही.

मोजून तेवढीच पाचर देण्याची सवय आली ती मर्टन रूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या पद्धतीतून. सबटॅलर सांधा (घोट्याखालचा, टाच आत-बाहेर कलवणारा) न्यूट्रलमध्ये, म्हणजे मधल्या स्थितीत, धरायचा, टाच उभी, चवडा तिच्याशी समतल, आणि जिथे फट राहील तिथे भर. या पद्धतीने आपल्या व्यवसायाला भाषा दिली, कास्ट (पायाचा साचा) घेण्याची शिस्त दिली, आणि ती शिस्त आजही उपयोगी आहे. पण न्यूट्रलपासून लांब असलेले कितीतरी पाय आयुष्यभर दुखत नाहीत. १९९५ मध्ये मॅकपॉइल आणि हंट यांनी ऊतकांवरच्या ताणाचा विचार पुढे आणला, तो याच अडचणीतून. दुखतंय ते ऊतक शोधा, त्यावर कुठल्या दिशेने ताण येतो ते पाहा, तो कमी करा.

तुमची मापं ७ आणि ४ अशी वेगळी आली, त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. टाचेच्या मागे कातडीवर रेघ मारतो, तेव्हा कातडी हाडावरून सरकते आणि रेघ हाडाची मधली रेषा दाखवेनाशी होते. मुरलेल्या दोन तपासणाऱ्यांच्या मापांतही काही अंशांचा फरक पडतो. त्यामुळे एक-दोन अंशांचा निर्णय त्या रेघेवर बेतू नका. पायाची ठेवण नोंदवायला फूट पोश्चर इंडेक्स वापरा: सहा निरीक्षणं, प्रत्येकी उणे २ ते अधिक २, बेरीज ० ते ५ असली तर सर्वसाधारण, ६ ते ९ प्रोनेटेड (आतल्या बाजूला कलंडलेलं पाऊल), १० किंवा त्याहून जास्त तर अतिप्रोनेटेड. पण हीसुद्धा फक्त ठेवण सांगते, मात्रा नाही.

आता या बाईंचा पाय. हाडाच्या मागे आतून दुखतंय, कमान बसली आहे, म्हणजे पहिला संशय टिबियालिस पोस्टिरियर स्नायूच्या कंडरेवर. तळव्यात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर टार्सल टनेलचा (घोट्याच्या आतल्या बाजूला नस दबण्याचा) विचार आधी करा. नसेल तर एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगा, आधाराला भिंतीवर फक्त बोटं टेकवून. मागे बसून पाहा: टाच वर जाताना आत वळते का, की बाहेर झुकलेलीच राहते? किती वेळा जमतं, आणि दुसऱ्या पायाने किती? मग बसवून टाच हाताने सरळ करून बघा. ती सरळ होत असेल तर सुधारणेचा जोर लावायला जागा आहे. होत नसेल तर अंशांचा विषय तिथेच संपतो: ताठ झालेल्या सांध्याला पाचरीने रेटलं की दुखणं वाढतं. अशा पायाला आहे त्या स्थितीत नीट टेकवायचं असतं.

टाच लवचिक आहे असं धरून पुढे जाऊ. यापुढची तपासणी दोन मिनिटांची आहे, पण अंशाचा निम्मा निर्णय तिच्यात होतो. पेशंटला पालथं झोपवा, पाऊल पलंगाच्या कडेबाहेर. एका हाताने करंगळीच्या मेटाटार्सलचं (बोटामागच्या लांब हाडाचं) डोकं हलकेच वर दाबून ठेवा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्यावर, टाचेच्या मागच्या भागापासून सुरुवात करून दाबा. सबटॅलर सांधा ज्या रेषेभोवती फिरतो त्या अक्षाच्या बाहेरच्या बाजूला दाबलं की पाऊल प्रोनेशनमध्ये जातं, आतल्या बाजूला दाबलं की सुपिनेशनमध्ये, म्हणजे उलट दिशेला. जिथे दाबल्यावर ते कुठेच वळत नाही तो अक्षाचा बिंदू. पेनने खूण करा, एक-दीड सेंटिमीटर पुढे जा, पुन्हा. पाच-सहा खुणा जोडल्या की सबटॅलर अक्षाची रेघ तळव्यावर उमटते. नेहमीच्या पायात ती टाचेच्या मागच्या-बाहेरच्या भागातून निघून पहिल्या-दुसऱ्या मेटाटार्सलच्या आसपास पोचते. बसलेल्या पायात ती आत सरकलेली असते, कधी कधी अगदी आतल्या कडेपर्यंत.

तुमचा ८ अंशांचा प्रयोग का फसला ते ही रेघ सांगेल. पाऊल सुपिनेट करणारा जोर फक्त रेघेच्या आतल्या बाजूला लावता येतो. रेघ आत सरकली की ही पट्टी अरुंद होते आणि जोराची तरफ आखूड. तुमचं पोस्ट टाचेच्या पूर्ण रुंदीवर पसरलेलं असणार आणि तेही शेलच्या (ऑर्थोटिकच्या कडक कवचाच्या) खालून. म्हणजे अख्खा कप (शेलमधला टाच बसते तो खोलगट भाग) कलला; आत बसलेली टाच मात्र त्या उतारावरून बाहेरच्या भिंतीकडे घसरली. कप उथळ असेल तर हे हमखास होतं. बाहेरच्या घोट्यामागचं नवं दुखणं बहुधा पेरोनियल कंडरांचं आहे, कारण बाहेर कलंडणारं पाऊल सावरायला त्यांना प्रत्येक पावलाला ओढ द्यावी लागते. बाई आगीतून फुफाट्यात पडल्या. एक खात्री मात्र करून घ्या: दुखरी जागा घोट्याच्या पुढच्या-खालच्या खळग्यात, म्हणजे सायनस टार्साय भागात असेल, तर उलट अर्थ निघतो. तिथलं दुखणं बहुतेक वेळा प्रोनेशनमध्ये हाडं एकमेकांवर दाबली गेल्याचं असतं, म्हणजे जोर कमी पडतोय. बोटाने नेमकी जागा दाखवायला सांगा.

इथे स्काइव्ह हवा. केविन कर्बी यांनी १९९२ मध्ये मांडलेली ही मेडियल हील स्काइव्हची पद्धत आहे: पायाच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीवर (पॉझिटिव्हवर) टाचेच्या तळाचा आतला साधारण एक तृतीयांश भाग १५ अंशांच्या उतारात तासायचा. खोली २ मिमी म्हणजे सौम्य, ४ मिमी मध्यम, ६ मिमी जोरकस. शेल त्यावर ओढला की कपच्या आतच, बरोबर अक्षाच्या आतल्या पट्टीत, उतार तयार होतो. टाच बाहेर न घसरता आतल्या कडेवर टेका मिळतो. साचा स्कॅन करून बनत असेल तरी सॉफ्टवेअरमध्ये हेच दोन आकडे भरायचे असतात, कोन आणि खोली. स्काइव्ह दिला की कप खोल करायला विसरू नका, कारण तासलेल्या भागाने आतली भिंत तेवढी आखूड होते. ४ मिमीला कप १६ ते १८ मिमी, ६ मिमीला २० च्या आसपास. उथळ कपात स्काइव्ह दिलात तर टाचेच्या आतल्या कडेला चट्टा पडेल आणि पेशंट चार दिवसांत ऑर्थोटिक काढून ठेवेल.

२, ४ की ६? त्यासाठी सुपिनेशन रेझिस्टन्स पाहा, म्हणजे पाऊल सुपिनेशनकडे न्यायला किती जोर लागतो ते. पेशंट दोन्ही पायांवर सैल उभी. तुमची दोन बोटं नॅव्हिक्युलर हाडाच्या खाली, कमानीच्या आतल्या बाजूला. आता वर उचला. सहज उचललं गेलं तर २ मिमी पुरेल. चांगला जोर लागला तर ४. दोन्ही हात लावूनही हललं नाही तर ६, आणि सोबत ताठ शेल. पेशंट नकळत मदत करते, म्हणून घोट्यापुढे टिबियालिस अँटिरियरची कंडरा उठतेय का यावर नजर ठेवा. उठली तर तो प्रयत्न धरू नका. दोन्ही पाय स्वतंत्र तपासा. उजव्याला ४ आणि डाव्याला २ निघणं अगदी नेहमीचं आहे, आणि तरीही ऑर्डरच्या कागदावर दोन्हीकडे एकच आकडा लिहिण्याची सवय सुटत नाही.

आता चवड्याखालचे ६ अंश. तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त काळजी वाटलेली गोष्ट हीच. टाच कित्येक महिने बाहेर झुकलेली राहिली की जमिनीवर सपाट टेकण्यासाठी चवडा उलट वळतो आणि मऊ ऊतकं त्या स्थितीत आखडतात. मग तुम्ही टाच सरळ धरता तेव्हा अंगठ्याकडची कड वर दिसते. हाडाचाच कल, म्हणजे खरा व्हेरस, फार कमी पायांत असतो. बहुतेक वेळा दिसतो तो सुपिनेटस, म्हणजे मऊ ऊतकं आखडल्याने आलेला कल. फरक कळायला टाच सरळ धरा आणि पहिलं मेटाटार्सल वरून अंगठ्याने हळूच खाली दाबा. पाच-दहा सेकंदांत ते इतरांच्या पातळीला आलं तर सुपिनेटस. त्याच्याखाली पाचर भरणं म्हणजे आखडलेल्या स्थितीलाच टेकू देणं. शिवाय पहिलं मेटाटार्सल वर ढकललं गेलं की चालताना अंगठा वर वळू शकत नाही, सांध्यात अडकतो. बाईंचं अंगठ्याच्या बुडाचं दुखणं तिथून आलं असण्याची दाट शक्यता आहे. घोट्याचं दुखणं आणि चवड्याला पाचर: रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला.

यात कमानीखालच्या प्लांटार फॅसियाचाही (तळव्यातल्या जाड पट्ट्याचाही) प्रश्न आहे. कोगलर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मृत पायांवर ६ अंशांच्या पाचरी ठेवून ताण मोजला होता. चवड्याच्या बाहेरच्या बाजूला पाचर ठेवल्यावर फॅसियावरचा ताण घटला, आतल्या बाजूला ठेवल्यावर वाढला. जिवंत, चालत्या पायाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही, पण आतून ६ अंश भरण्याआधी हात थांबावा इतका तो नक्कीच बोलका आहे. तेव्हा चवड्याचं पोस्ट काढा. नवा कास्ट घेताना पहिलं मेटाटार्सल खाली दाबून धरा, म्हणजे साच्यातच चवडा समतल येईल. दाबूनही ते खाली येत नसेल, म्हणजे चवडा खरोखरच तसा कायम झाला असेल, तर २ ते ४ अंश द्या, पण पाचर मेटाटार्सलच्या डोक्यांच्या मागे संपली पाहिजे.

पडताळा सोपा आहे. ऑर्थोटिकवर उभं करून अंगठा हाताने वर उचला. कमान उचलली जाते का, नडगी किंचित बाहेर वळते का? अनवाणी उभं असताना उचलायला जेवढा जोर लागला त्यापेक्षा कमी लागायला हवा. जास्त लागला तर चवड्याखाली काहीतरी चुकलंय, कागदावरचे अंश कितीही बरोबर असोत.

अंशांच्या आकड्याबद्दल आणखी एक गोष्ट. ऑर्डरवर लिहिलेला अंश आणि पायाला मिळालेला अंश एक नसतो. रिचर्ड ब्लेक यांच्या इन्व्हर्टेड पद्धतीत साचा २५ अंश कलवला तर टाचेवर सुमारे ५ अंशांचा परिणाम धरतात, पाचास एक. साचा गुळगुळीत करताना, साच्याच्या कमानीखाली प्लास्टरची भर घालताना, शेल वजनाखाली वाकताना उरलेले अंश गळतात. म्हणून कमानीची भर 'कमीत कमी' लिहा, आणि शेलची जाडी वजन पाहून ठरवा. पॉलिप्रॉपिलीन ३ मिमीऐवजी ४ मिमी घेतलं तर ताठपणा जवळजवळ २.४ पट होतो, कारण तो जाडीच्या घनाने वाढतो. मऊ शेलवर मोठा अंश लिहिण्यापेक्षा ताठ शेलवर छोटा अंश केव्हाही चांगला.

पाचर स्वतः कापत असाल तर अंश आणि मिलिमीटर यांची गल्लत टाळा. पाचरीची उंची म्हणजे रुंदी गुणिले अंशाचा टॅन्जंट. टाच ६० मिमी रुंद असेल तर ४ अंशांना ४.२ मिमी आणि ८ अंशांना ८.४ मिमी. तीच ४ मिमीची पाचर ४५ मिमी रुंद टाचेखाली ५ अंशांच्या वर जाते आणि ७० मिमीच्या टाचेखाली सव्वातीन अंशच राहते. ९० मिमी रुंद चवड्याखाली ६ अंश म्हणजे साडेनऊ मिमी. एवढी उंची बुटात मावणारच नाही.

नवी ऑर्डर लिहिण्याआधी पोटरी तपासा. गुडघा भिंतीला टेकवून, टाच न उचलता, अंगठा भिंतीपासून किती लांब जातो ते मोजा. १० सेंटिमीटरच्या बरंच खाली असेल, किंवा दुखऱ्या बाजूला स्पष्ट कमी असेल, तर घोटा पुरेसा वाकत नाही आणि उरलेली हालचाल मधल्या पायातून होते. तिथे तुम्ही ताठ कमान उभी केली की पाय वरून दाबणार, शेल खालून, आणि मध्ये कमानीला फोड. अशा वेळी ४ ते ६ मिमीची टाचेची उंची दोन्ही बाजूंना द्या आणि पोटरी ताणण्याचे व्यायाम सुरू करा. कमान टोचते अशी तक्रार आली की शेल खाली घासण्याआधी हे एकदा बघाच.

मग या बाईंसाठी मी काय लिहीन: न्यूट्रल कास्ट, पहिलं मेटाटार्सल खाली दाबलेलं, टाच उभी बॅलन्स. मेडियल स्काइव्ह ४ मिमी, १५ अंश. कप १८ मिमी. पॉलिप्रॉपिलीन ४ मिमी, वजन ८० किलोच्या पुढे असेल तर ५. कमानीची भर कमीत कमी. टाचेखाली घट्ट ईव्हीए फोमचं सपाट पोस्ट, ० अंश, ते फक्त कप डुलू नये म्हणून. चवडा ० अंश. पोटरी आखडलेली असेल तर टाचेखाली ४ मिमी. स्काइव्ह, कललेला साचा आणि कललेलं पोस्ट हे तिन्ही एकाच दिशेचे जोर आहेत, ते एकमेकांत मिळवले जातात. बुटाच्याच तळव्यात आतून घट्ट फोम असेल तर तोही मिळवायचा. तिन्ही एकदम लिहिले की पुढे काय जास्त झालं ते शोधता येत नाही.

ही ऑर्डर लगेच पाठवू नका. आधी सध्याच्या बुटातल्या इनसोलखाली, टाचेच्या फक्त आतल्या तृतीयांशात, ३ मिमीची घट्ट फेल्ट किंवा ईव्हीएची पाचर चिकटवा. एका पायावर उभं राहणं, जिना उतरणं, दहा मिनिटं चालणं: तिन्हींचं दुखणं ० ते १० मध्ये आधी आणि नंतर लिहा. आठवडाभर वापरू द्या. आतलं दुखणं उतरलं आणि बाहेर काही उठलं नाही तर दिशा बरोबर आहे. बाहेर ओढ जाणवली तर २ मिमीवर या. एका वेळी एकच बदल, आणि पोस्टचा बदल कधीही २ अंशांपेक्षा मोठा नको. ४ वरून थेट ८ वर गेलात तेव्हा मधे ६ ला काय झालं असतं हे कळण्याची वाटच बंद झाली.

ऑर्थोटिक आल्यावर पायात घालण्याआधी काचेवर ठेवा. मागून बघा, डुलतंय का, पोस्ट सगळीकडून टेकतंय का, कोन मोजा. मग बुटात ठेवा. पुष्कळ बुटांचा टाचेचा तळ गोलसर असतो, सपाट पोस्ट त्यावर कडांनी टेकतं आणि हलतं. खालच्या कडा घासून बसवावं लागतं. बूट टेबलावर ठेवून मागून पाहिल्यावर त्याचीच टाच आत कललेली दिसली, तर तुमचे अंश त्या बुटाने खाल्ले आहेत. तो बूट बदलल्याशिवाय ऑर्थोटिकवर निकाल देऊ नका. पहिल्या दिवशी तासभर, मग रोज तासाभराने वाढ. दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी तपासणी.

हा सगळा हिशोब बसलेल्या, लवचिक पायाचा. उंच कमानीच्या, वारंवार मुरगळणाऱ्या पायाला आतून एक अंशही देऊ नका. तिथे पाचर चवड्याच्या बाहेरच्या बाजूला, आणि पहिलं मेटाटार्सल खाली झुकलेलं असेल तर त्याच्या डोक्याखाली खळगा. मधुमेहाने संवेदना गेलेल्या तळव्याला कडक पाचर किंवा स्काइव्ह नको. तिथे पूर्ण तळवा टेकणारं मऊ इनसोल आणि रोज कातडी तपासणं, कारण जखम झाली तरी त्याला कळणार नाही. लहान मुलाचा न दुखणारा, लवचिक सपाट पाय असेल तर अंश शोधूच नका.

या बाईंचं आतलं दुखणं सहा आठवड्यांत निम्म्यावर आलं नाही, किंवा मधल्या काळात एका पायावर टाच उचलणं एकदाही जमेनासं झालं, तर स्काइव्ह ६ मिमी करत बसू नका. कंडरेची सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवणी त्याच आठवड्यात करा. तोपर्यंत घोट्याच्या वरपर्यंत आधार देणारा ब्रेस किंवा वॉकिंग बूट द्या. फाटत चाललेल्या कंडरेवरचा भार शेलच्या आतला उतार एकट्याने पेलू शकत नाही.